पोटातल्या बाळाला वांगं चालत नाही

मला दिवस गेल्याचं कळलं त्याच दुपारी सासूबाईंनी माझ्या पानातली वांग्याची भाजी उचलली आणि परसातल्या गाईपुढे टाकली.

"आता वांगं बंद. बाळाला खाज सुटेल."

गाईने माझ्याकडे बघत बघत ती भाजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी फणस गेला, मग शेंगदाणे गेले. शेजारच्या घरात फणस कापला की आमच्या न्हाणीघरापर्यंत वास यायचा. मी मग उगाचच तिथे जाऊन पाय धुवायची.

आमचं घर तमिळ मुलखात, कुंभकोणमला, आणि हे तिथल्या कोर्टात कारकून. इंग्रजांचं राज्य होतं. कोर्टात निदान आरोपीला बोलायला मिळतं, असं मी एकदा यांना म्हणाले. "आईपुढे आमचे जज्जसाहेबसुद्धा उभे राहणार नाहीत," असं म्हणून हे पगडी घालून निघून गेले.

सातव्या महिन्यात मी माहेरी, नाचियारकोविलला गेले. आई मला पाहून कळवळली. "अगं, वांग्याने काय होतंय? खा पोटभर!" तिने त्याच संध्याकाळी वांग्याचं सांबार केलं. मी तीनदा भात मागून घेतला. मग नारळाच्या चटणीकडे हात नेला तर तिने वाटी मागे ओढली. "नारळ नको. दहीही नको. बाळाला दमा होतो."

दोन घरांतल्या दोन बायकांनी मिळून माझ्यासाठी भात, तूप आणि मिऱ्याचं सार एवढंच शिल्लक ठेवलं होतं. मुलगी झाली, तेव्हा तर माझं पत्त्यम सुरू झालं. आमच्याकडे बाळंतिणीच्या पथ्याला हाच तमिळ शब्द वापरतात. अंगावर पाजणारी जे खाते तेच बाळाच्या पोटात जातं, म्हणून सारातलं मीठसुद्धा कमी झालं.

बारशाला सासूबाई बैलगाडीतून आल्या. नातीसाठी त्यांनी स्वतः लोकरीचं टोपरं विणून आणलं होतं. आल्या आल्या त्यांनी ते तिला घातलं, हनुवटीखाली बंद घट्ट बांधले आणि दृष्ट काढली. पोर गोरीगोमटी दिसत होती. पण दुपारपर्यंत तिच्या दोन्ही गालांवर लालभडक पुरळ उठलं.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. "खरं सांग. वांगं खाल्लंस ना?"

मी काही बोलायच्या आत आईच पुढे झाली. "वांगं मी घातलंय तिला. पुरळ वांग्याचं नव्हे, विहीणबाई. सहा महिने तुमच्या घरी नारळ खाल्लाय तिने, त्याचं आहे."

"नारळाने कुणाला पुरळ येतं?"

"मग वांग्याने कुणाला येतं?"

ओसरीवर पुरुषांची पंगत बसली होती. माझा भाऊ वाढत वाढत यांच्या पानापाशी आला आणि त्याने भरल्या वांग्याचा डाव पुढे केला. यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"वांगं नको हो. माझे ओठ सुजतात. अंगभर गांधी उठतात."

हे वांगं खात नाहीत हे मला ठाऊक होतं. आवडत नसेल, असं मी धरून चालले होते. आईचे डोळे मात्र लकाकले. पदर सावरून ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "विहीणबाई, जावईबापूंच्या वेळी तुम्ही वांगी खाल्ली होतीत वाटतं?"

"मी?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "नाव काढू नका! पोटात होता तेव्हा नाही, अंगावर पीत होता तेव्हा नाही. एक फोड जिभेला लावली नाही मी!"

वाढणारा थांबला. जेवणारे थांबले. आपण काय बोलून बसलो ते सासूबाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि त्या एवढ्या हसल्या की त्यांना खांबाला टेकून बसावं लागलं. आईही हसली. कंबर दुखत होती तरी मीही हसले.

त्या गोंधळाने पोर जागी झाली आणि घामाने निथळत रडू लागली. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं, बंद सोडले, टोपरं काढलं. पुरळ गालांवर जिथे लोकर आणि बंद घासत होते बरोबर तिथेच होतं, बाकी अंग स्वच्छ. त्यांनी ते पाहिलं. मी पाहिलं. आईनेही पाहिलं, पण ती चक्क गप्प बसली. टोपरं सासूबाईंच्या मांडीखाली गेलं ते परत कुणाला दिसलं नाही. दोन दिवसांत गाल लोण्यासारखे झाले.

त्या दिवशी बायकांची पंगत बसली तेव्हा सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. "मलाही वाढा ते वांगं," त्या आईला म्हणाल्या. पहिला घास त्यांनी खूप हळू खाल्ला.

"लग्नाआधी फार आवडायचं गं," त्या मला हळूच म्हणाल्या. "एकामागून एक मुलं होत गेली. बंद केलं ते राहूनच गेलं." मग त्यांनी आपल्या हाताने माझ्या पानात एक अख्खं वांगं ठेवलं.

धाकट्याच्या वेळी मी सगळं खाल्लं, फणससुद्धा. आणि त्यालाच पुढे फणसाने गांधी उठल्या! दोन्ही आज्या तातडीने भेटल्या, बराच वेळ कॉफी पीत बसल्या आणि त्याने फणस खाऊ नये असं ठरवून उठल्या. त्याच्या वाटचे गरे त्याची बहीण खाते.