सरांची सावड

सरांचा हात आदी खिशात जायाचा आन् मग त्वांड उघडायचं. शाळंच्या पत्र्याच्या शेडात नवं कॉलेज निघालं, तितं अर्थशास्त्र शिकवाया आलं आन् आमच्या म्होरल्या खोलीत भाड्यानं ऱ्हायलं. ताक दिलं तरी पैसं काढायचं. मी नगं म्हनलं की म्हनायचं, "ताई, फुकट काही नसतं. कुणीतरी किंमत मोजतंच." मला ते कळायचं न्हाई, पर मानूस लई ग्वाड. माजी पोरगी रडाया लागली की आपलं कॉलेजातलं शिकवनं तिला म्हनून दाखवायचं, आन् ती गप झोपायची. "वर्गातही असंच होतं," म्हनायचं.

गेल्या साली लावनीच्या तोंडाला आमच्या मालकांचा पाय मोडला. पोरगी तान्ही, भाताची रोपं वाढत चाललेली आन् मी येकटी, लावनी हुकली तर वरीसभर खायाचं काय, ह्या भ्यानं माजा जीव थाऱ्यावर नव्हता. मग वाडी सावडीनं आली. सावड म्हंजी आज तुमी माज्यात, उद्या मी तुमच्यात, पैशाचा इषयच न्हाई. सांजच्यापत्तोर निम्मं खाचर लावून झालं. घरात मी समद्यास्नी भाकरी वाडत व्हते, तवर सर आलं, त्यांनी बगितलं, डोळं भरून आलं त्यांचं, आन् परत्येकाच्या हातावर मजुरी ठिवली.

शेजारच्या गोदामावशीनं पैसं उंबऱ्यावर ठिवलं. "आमी काय रोजानं आलो व्हतो व्हय, सर?"

दुसऱ्या दिशी कुनी आलंच न्हाई. मी भिंतीला टेकून रडाया लागले. सर म्हनलं, "ताई, माझं चुकलं. आता काय करू?"

"आता त्यांच्यात जाऊन सावड फेडायची, दुसरं काय. पर मी ह्या दोगांना टाकून कशी जाऊ?"

सकाळी बगते तर पँट गुडघ्यापत्तोर दुमडून सर मावशीच्या चिखलात. रोपं वाकडी, निम्मी पान्यावर तरंगत्यात. मावशी मागनं वरडती, "सर, लावताय का उपटताय?"

"मावशी, तुम्ही शिकवा. मी नापास झालोय."

सारी वाडी हसली. दोन दिस कॉलेजच्या आदी आन् नंतर सर चिखलातच, घरी यायचं ते कंबर धरून. मग वाडी माज्या खाचरात आली, लावनी पुरी झाली.

पुडं सर बदलून पुन्याला ग्येलं. औंदा मी पोरीला काखंत घिऊन मावशीच्यात लावनीला ग्येले, माजी सावड फेडाया. तिनं बांधावरच आडवलं.

"तुज्या घरचं मानूस राबून ग्येलंय की गेल्या साली. बस हितं पोरीला घिऊन."