मेणाच्या चुलीपाशी सभा

जावा बेटावरच्या लासेम गावी, कापडावर मेणानं नक्षी काढून ते रंगवणाऱ्या आमच्या बाटिक सहकारी केंद्रात मी सभांचं इतिवृत्त लिहितो. साहित्याच्या पदवीवर एवढंच मिळालं.

अध्यक्ष पाक सुगोंदो (वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही पाक म्हणतो) सभेत विचारायचे, "कुणाची हरकत?" सोळाही बायका मान खाली घालून म्हणायच्या, "इंग्गिह." म्हणजे हो. वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे शिवी दिल्यासारखंच. मग सोमवारी निम्म्या जणी यायच्याच नाहीत. अशा होकारापायी शाळेची ऑर्डर हातची गेली. आता एका हॉटेलची आली होती, महिन्यात तीनशे टेबलक्लॉथ. हीही गेली तर केंद्राला कुलूप.

बू वार्तिनी, म्हणजे वार्तिनीबाई, रंगाच्या हौदावर असतात. शाळा चौथीपर्यंत. हात कोपरापर्यंत लाल. माझ्या आईच्या वयाच्या, तरी माझी मैत्री त्यांच्याशीच. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "पाक, सभा खुर्च्यांवर नको. मेण वितळवायच्या चुलीपाशी घेऊ. तुम्हीही मेणाची लेखणी धरा."

"मला कुठं येतंय?"

"येत नाही तेच बरं."

ते खरंच पाटावर बसले. पहिला थेंब विजारीवर.

"पाक, विजारींची ऑर्डर कधी आली?" म्हातारी म्बाह तार्मी म्हणाली. सगळ्या हसल्या. नजरा मात्र कापडावरच.

बू वार्तिनींनी हरकत विचारलीच नाही. सर्वांत लहान मुलीपासून सुरुवात केली. "सोमवारी तुझं कापड कुठवर येईल?"

"मीच येणार नाही, बू. भातकापणी आहे."

"माझीपण," शेजारची म्हणाली.

"बारीक ठिपके असतील तर मला दिवसाला एकसुद्धा जमायचं नाही," म्बाह तार्मी म्हणाली. "डोळे संपले माझे."

नाही हा शब्द अध्यक्षांकडे बघून कुणीच उच्चारला नव्हता. तरी सोळा जणींनी सगळं सांगून टाकलं होतं. मी लिहायचं विसरलो.

पाक सुगोंदोंनी लेखणी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मग जमतील किती?"

"एकशे ऐंशी," बू वार्तिनी म्हणाल्या. "ठिपके मोठे. बाकीचे कापणीनंतर."

त्यांनी पाटावरूनच हॉटेलला फोन लावला. पलीकडचा माणूस कुरकुरला, आणि कबूल झाला.

सोमवारी येईन असं अकरा जणींनी म्हटलं होतं. मी सकाळी सातला पोचलो. दाराशी चपलांचे अकरा जोड होते. मी दोनदा मोजले.