पदर झटकून निघणारी सगुणाआत्या

सगुणाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा तिचा शेवटचा अर्ज माझ्या पर्समध्येच होता. आठवडाभर आधी नव्वदीच्या घरातली ही बाई सिन्नरहून एसटीनं इंदिरानगरला माझ्याकडे आली आणि त्यावर अंगठा उठवून गेली. निघताना उंबऱ्यात थांबून तिनं नेहमीसारखा पदर झटकला. विडी कारखान्यात सुटी झाली की बायकांना असा पदर झटकून दाखवावा लागे, तंबाखू लपवली नाही म्हणून. कारखाना सुटून तीस वर्षं झाली, तरी आत्या कुणाच्याही घरून तशीच निघे.

“आत्या, माझ्याकडं कशाला गं?”

“चोराची लेक हाय मी. लोकांनी बघितलेलं बरं,” ती हसून म्हणायची.

तिचे वडील रखमाजी त्याच कारखान्यात विड्या वळायचे. कम्युनिस्ट, लाल बावट्याचा माणूस. दुसरं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. इंग्रजांच्या लढाईला माणूस देऊ नका, अशी पत्रकं ते सुपातल्या पानांखाली दडवून गावोगाव पोचवत. मालकाला ते खुपत होतं, पण त्यानं फिर्याद दिली ती तंबाखूचोरीची... झडतीत पत्रकं सापडली, तंबाखू सापडली नाही. शिक्षा मात्र चोरीचीच झाली. चार महिन्यांत ते तुरुंगात वारले. प्रेतही घरी आलं नाही. आत्या तेव्हा सहा वर्षांची होती.

आत्या आमच्या नात्याची नव्हे; आमची आईही विड्या वळायची, तिच्याच शेजारी बसून. आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. चौथीपासून आत्याचे अर्ज मी लिहू लागले. तिला वाचता येत नव्हतं, पण खाडाखोड दिसली की ती पुन्हा लिहायला लावी. “सायबाला निमित्त भेटल,” म्हणायची. मी बी. ए. झाले त्यात त्या अर्जांचा वाटा मोठा आहे. मागणी एकच, गावच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या स्मृतिस्तंभावर बापाचं नाव. उत्तरही एकच, सदर इसम चोरीच्या गुन्ह्यातील कैदी, सबब विचार करता येत नाही. एका साहेबांनी तुरुंगातले दोन सोबती साक्षीला मागितले. ते कधीच मातीआड गेले होते. दुसऱ्यानं, पेन्शनसाठी चाललंय का, असं विचारलं.

“पेन्शन नको मला,” आत्या म्हणाली. “तेवढा चोर शब्द खोडा.”

इंग्रज गेले. त्यांच्या फौजदारानं लिहिलेला शब्द मात्र आपल्या कचेरीनं जपून ठेवला. याचा मला संताप येतो, आणि तो शमावा असं वाटतही नाही.

दहाव्याला चौकात फ्लेक्स लागला, ‘थोर क्रांतिकारकाची कन्या’. वर पुढाऱ्यांचे हसरे फोटो, खाली कोपऱ्यात आत्या. त्या पुढाऱ्यांतल्या एकांना मी म्हटलं, हेच कचेरीला लिहून द्या.

“ताई, आता कशाला? आत्या गेल्या की.”

गेल्या सोमवारी तो अर्ज मी दिला. अंगठा तिचा, खाली सही माझी. अर्जदार हयात आहेत का, कारकुनानं विचारलं. मी आहे, म्हटलं. पोच घेतली, दारापाशी गेले आणि वळून सगळ्या टेबलांसमोर साडीचा पदर झटकला.

“काय झालं, मॅडम?”

“काही नाही. तुमच्याकडून काही नेत नाहीये, बघून घ्या.”