श्वास नको, ड्रम हवेत

ताईला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर दुकानदार तिला सोडून भाऊजींशी बोलायला लागतो त्याचा. स्टिरिओच्या दुकानात हे हमखास घडतं. प्रश्न ताई विचारते आणि उत्तर भाऊजींना मिळतं. भाऊजी शाळेत भूगोल शिकवतात. डाव्या आणि उजव्या स्पीकरमधला फरक त्यांच्या लेखी एवढाच, की एक डावीकडे ठेवतात आणि एक उजवीकडे. तरी ते सभ्यपणे मान डोलावत राहतात, आणि त्या मान डोलावण्यामुळे दुकानदाराला आणखी जोर चढतो.

मी अशा एका फेरीला सोबत होतो. सोबत म्हणजे हमाल म्हणून, कारण जुने स्पीकर देऊन नवे आणायचे होते. दुकानदाराने आम्हाला आतल्या गालिच्याच्या खोलीत बसवलं, दिवे मंद केले आणि एक सीडी लावली. एक गिटार आणि एक बाई. ती बाई इतकी सावकाश गात होती की दोन ओळींच्या मध्ये कुणी चहा करून आणला असता. दुकानदार भाऊजींच्या कानाशी वाकून म्हणाला, ऐका, गाताना तिचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

ताई म्हणाली, "मला श्वास ऐकायचा नाही. मला ड्रम ऐकायचे आहेत."

तिने पिशवीतून स्वतःची सीडी काढली. दुकानदाराने ती लावली. पहिल्या दोन मिनिटांत तालाच्या मात्रा तीनदा बदलल्या, मग बासरी आली, मग चर्चमधल्यासारखा मोठा ऑर्गन, आणि शेवटी एकाच वेळी सगळेच. दुकानदाराने हळूच आवाज कमी केला आणि भाऊजींना म्हणाला की या प्रकारचं संगीत या स्पीकरला न्याय देत नाही. घरी येईपर्यंत ताई ते वाक्य दातओठ खात पुन्हापुन्हा म्हणत होती. संगीताने स्पीकरला न्याय द्यायचा म्हणे!

माझी ही थोरली बहीण कवळ्या बनवते. दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाचा ठसा घेतात आणि तो ताईच्या लॅबमध्ये येतो. मग साचा, मेण, दात लावणं, तासणं, घासणं, चकाकी आणणं. दिवसभर कानाशी घासायच्या मोटरची भुणभुण. त्यासाठी ती कानात बोळे घालते. लॅबमधल्या बाकीच्यांना ते नखरे वाटतात, पण तिला कान जपायचे असतात. कॉलेजच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीतल्या मुलीने तिला एका टेपवर हे संगीत ऐकवलं, आणि तेव्हापासून ती त्यात जी अडकली ती अडकलीच. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. एकेक गाणं वीस वीस मिनिटांचं. आमच्या आईला वाटायचं, हे लग्न झाल्यावर सुटेल. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, आणि तिची खोली रिकामी होताच ताईने त्यात स्टिरिओ मांडला.

स्टिरिओ खरोखर चांगला होता. तिने एकेक वस्तू पारखून, जुन्या बाजारातून, ओळखीपाळखीतून जमवली होती. आणि तिथूनच सगळा वैताग सुरू झाला.

वसतिगृहात ऐकलेल्या त्या टेपवरच्या अल्बमला आम्ही घरात 'छत्री' म्हणतो, कारण त्याच्या वेष्टनावर उलट्या छत्रीचं चित्र आहे. ताईचा जीव की प्राण. नव्या स्टिरिओवर तिने पहिल्यांदा तोच लावला आणि तिचा चेहरा पडला. ड्रम पुठ्ठ्याच्या खोक्यावर बडवल्यासारखे. बास कुठे गेला पत्ता नाही. गाणारा तर रजईत तोंड खुपसून गात असावा. आधीच्या साध्या टेपरेकॉर्डरवर हे काही जाणवलं नव्हतं. आता चांगल्या स्पीकरने सगळंच उघडं पाडलं होतं.

पहिला दोष तिने स्पीकरला दिला, मग तारांना, मग खोलीला. मुलीचं कपाट बाहेर आलं. पुस्तकांची मांडणी आत गेली, कारण पुस्तकांनी आवाज घुमत नाही असं तिने कुठेतरी वाचलं होतं. भाऊजींचे सगळे नकाशे भिंतीवरून उतरून गुंडाळ्या होऊन खाली उभे राहिले आणि त्यांच्यापुढे जाड पडदे आले. भाऊजींनी हू की चू केलं नाही, फक्त वर्गात लागणारा एक नकाशा पडद्यामागून शोधून काढताना मला म्हणाले की एक खंड सापडत नाहीये.

मग ताई 'छत्री'च्या निरनिराळ्या आवृत्त्यांच्या मागे लागली. ही संगीत कंपन्यांची एक चांगलीच खोड आहे. दर काही वर्षांनी तोच अल्बम नव्याने घासूनपुसून काढतात आणि वर लिहितात की असा आवाज पूर्वी कुणी ऐकला नसेल. ताई दर वेळी फसायची. एकीत सगळं इतकं चढवून ठेवलं होतं की हळुवार जागाच उरली नव्हती. बासरीसुद्धा अंगावर धावून यायची. दुसरीत खरखर काढण्याच्या नादात झांजांची चमकही पुसून गेली होती. तिसरी आली ती मूळ रेकॉर्ड म्हणून, आणि तिच्यावर मधोमध ओरखडा.

इतरांना विचारावं तर तिथेही डोकं पिकायचं. इंटरनेटवर या संगीताच्या शौकिनांचे अड्डे आहेत. तिने साधा प्रश्न टाकला, प्रोग्रेसिव्ह रॉकमधले नीट रेकॉर्ड केलेले अल्बम कोणते? उत्तरं भरपूर आली. निम्म्यांनी आपल्या आवडीचे अल्बम सांगितले, मग ते कसेही वाजोत. उरलेल्यांनी काचेसारखे स्वच्छ अल्बम सांगितले, आणि ते ऐकताना ताई जांभया देत बसली. एकाने विचारलं, तुमचे यजमान कोणता ॲम्प्लिफायर वापरतात? त्या दिवशी तिने मला फोन केला आणि मी फोन कानापासून वीतभर लांब धरून सगळं ऐकून घेतलं.

अशात लॅबमध्ये एक कवळी परत आली. वरच्या दातांची. दंतवैद्य डॉक्टरीणबाईंचा निरोप होता की रुग्णाची तक्रार आहे, बोलताना शिट्टी वाजते. ताईने दात किंचित सरकवून पाठवली. पुन्हा परत. पुन्हा तासून पाठवली. पुन्हा परत. डॉक्टरीणबाईंचाही जीव मेटाकुटीला आला होता. त्या म्हणाल्या, मला तर काही शिट्टी ऐकू येत नाही, म्हातारे गृहस्थ उगाच खनपटीला बसलेत, तुम्हीच येऊन बघा.

ताई चिडूनच दवाखान्यात गेली. खुर्चीत एक उंच, हडकुळे काका बसले होते, आणि तेही तितकेच चिडलेले. ताईने त्यांना 'स'ची अक्षरं असलेलं काहीतरी बोलायला सांगितलं. काका म्हणाले, "सकाळपासून सगळ्यांना सांगतोय, सहा हजारांच्या जरा वर बसलीय ती, आणि कुणाला ऐकूच येत नाही."

डॉक्टरीणबाईंना वाटलं, काका कवळीच्या बिलाबद्दल बोलताहेत. ताईच्या हातातली मेण लावायची सुरी मात्र तशीच राहिली. एक म्हणजे तिला शिट्टी स्पष्ट ऐकू आली होती. आणि दुसरं, आवाज किती उंचीवर बसलाय हे हर्ट्झच्या आकड्यात सांगणारा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदाच समोरासमोर भेटत होता.

तिने टाळूच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे मेणाचा पातळ थर लावला. शिट्टी खाली उतरली. आणखी थोडा लावला. गेली. काकांनी सावकाश दहाएक शब्द म्हणून पाहिले आणि त्यांचा चेहरा निवळला. मग ताईने विचारलं की तुम्ही काय करत होता? ते म्हणाले, रेकॉर्डिस्ट होतो. एका स्टुडिओत. आता तिथे गाड्यांचे टायर विकतात.

ताईने त्यांना दवाखान्यातून थेट घरी नेलं नाही एवढंच. पण येत्या रविवारचं आमंत्रण तिथेच देऊन टाकलं, आणि मलाही बोलावून घेतलं. मी पोचलो तेव्हा काका ठरलेल्या खुर्चीत बसले होते आणि 'छत्री' वाजत होती. ताई दाराला टेकून उभी होती. परीक्षेच्या निकालाला उभी असल्यासारखी. पहिली बाजू संपेपर्यंत काका हलले नाहीत.

मग त्यांनी सांगितलं की स्पीकर उत्तम आहेत, खोलीही वाईट नाही, ते पडदे मात्र काढून टाका. ताईने विचारलं, मग ड्रम असे का?

"कारण ते असेच आहेत," काका म्हणाले. "या पोरांच्या टेपवर प्रत्येक वाद्य वेगळं ठेवायला जागा कमी होती. आधीचं एकत्र करून त्यावर नवं, पुन्हा एकत्र करून त्यावर नवं, असं करत गेलेत. दर वेळी थोडं थोडं मेलं. बाई, जे टेपवर उरलंच नाही, ते तुम्ही कुठल्या आवृत्तीतून काढणार?"

ताईला ते लागलं. तिने आवृत्त्यांची चळत काकांसमोर आणून ठेवली, आणि काकांनी ती न उघडताच बाजूला सरकवली. त्यांना निरोप देऊन आल्यावर ती म्हणाली, काय पण माणूस! पण पडदे त्याच संध्याकाळी निघाले, आणि भाऊजींना त्यांचा खंड सापडला.

त्यानंतर काका अधूनमधून येऊ लागले. खरं तर दोघांचं एका गोष्टीत जमत नव्हतं. ताईला वाटलं होतं की इतका जाणकार माणूस आपल्याला चांगले अल्बम भराभर सांगेल. काकांनी दोन-तीन सांगितले, तेही नाक मुरडत. ताईने खोदून विचारलं, तेव्हा बाहेर आलं की या गृहस्थांना हे संगीत अजिबात आवडत नाही. स्टुडिओत अशा बँडचं काम आलं की ते कपाळाला हात लावायचे. गाणं संपतच नाही, ड्रमवाला थांबतच नाही, आणि कीबोर्डवाल्याला दर वेळी आणखी एक कीबोर्ड हवा असतो.

ताई म्हणाली, "मग तुम्ही नीट कसं रेकॉर्ड केलंत?"

"आवडत नव्हतं म्हणूनच. आवडलं असतं तर ऐकत बसलो असतो. मी माइक कुठे आहे ते बघत होतो."

ताई यावर चिडली नाही. ती हरत नव्हती, हिशेब लावत होती. तिने विचारलं की तुम्ही केलेलं असं एक तरी दाखवा. काकांनी एका बँडचं नाव घेतलं. ताईने, जिला या संगीतातला कोपरान् कोपरा ठाऊक, तिने ते नाव ऐकलं नव्हतं. एकच अल्बम, राखाडी वेष्टन, मोजक्या प्रती खपल्या आणि बँड फुटला. तिने जुना बाजार पालथा घातला, अड्ड्यावर विचारलं, मला दोन गावांच्या दुकानांत पिटाळलं. कुठेच मिळाला नाही. ती इतकी वैतागली की एकदा काकांना म्हणाली, असा काही अल्बम नसेलच, तुम्ही माझी थट्टा करताय.

काकांना ते झोंबलं. ते म्हणाले, रेकॉर्ड कशाला शोधताय? टेप माझ्या कपाटावर पडलीय. मूळ टेपवरून स्वतःसाठी उतरवून घेतलेली.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. इतके महिने हा माणूस हिच्या घरी चहा पितोय, ही गावोगाव शोधत फिरतेय, आणि टेप त्याच्या कपाटावर. काकांचं म्हणणं, तुम्ही रेकॉर्ड मागितलीत, मला वाटलं तुम्हाला वेष्टन हवंय.

टेप होती, पण ती वाजवायचं यंत्र म्हणजे काकांचं जुनं, मोठ्या चकत्यांवर टेप फिरवणारं धूड. त्यांचे स्पीकर सुनेने घर आवरताना कधीच कुणाला देऊन टाकले होते, तेव्हा यंत्र ताईकडेच न्यायचं ठरलं. ते त्यांच्या घरातून उतरवून ताईकडे तिसऱ्या मजल्यावर चढवताना माझ्या पाठीचे जे हाल झाले ते मी इथे सांगत नाही. काका मागून येत होते आणि दर पायरीला सांगत होते, आडवं करू नका. ताई पुढून सांगत होती, भिंतीला लावू नकोस. भाऊजींनी दार धरलं होतं.

वर पोचल्यावर काकांनी बाही सारून यंत्र उघडलं. कापसाने एकेक भाग पुसला, छोट्या पेचकसाने काहीतरी रतीभर फिरवलं, कान लावून ऐकलं, पुन्हा फिरवलं. ताई एरवी कुणालाही तिच्या स्टिरिओला हात लावू देत नाही. आता ती गुपचूप तारा हातात देत होती. शेवटी काकांनी चकती चढवली, टेप ओवली, यंत्र सुरू केलं आणि उठून उभे राहिले. ताईने विचारलं, बसत नाही? ते म्हणाले, एकोणीस मिनिटं चालणार हे, मी एकदा ऐकलंय, तेवढं पुरे. आणि स्वयंपाकघरात भाऊजींकडे निघून गेले. जाताना दार लावून घेतलं.

आधी काहीच नव्हतं. मग डाव्या कोपऱ्यात, भिंतीच्याही पलीकडे वाटावी इतक्या लांब, कुणीतरी झांजेवर काठी टेकवली. ड्रम आले ते लाकडाचे, कातड्याचे, एकेक वेगळा ठेवल्यासारखे. मला त्या संगीतातलं काही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर गाणं काही फार ग्रेट नव्हतं. मधे एक तुकडा उगाच लांबवला होता. तिथे ताईनेही भुवया चढवल्या. पण त्या खोलीत पाच माणसं वाजवत होती आणि त्यांतला प्रत्येक जण कुठे उभा आहे हे मी बोटाने दाखवू शकलो असतो.

मी ताईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले नव्हते. ती स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेकडे टक लावून बघत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"थांबायचं असेल तर बोलायचं नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी पाठ चोळत जमिनीवर बसलो आणि थांबलो.