आधी मले पाहू दे

"थांब बाई, बसू नोको. आधी मले पाहू दे."

खोलीचं दार उघडलं की मावशींचं पहिलं वाक्य हेच. लेकीला गॅलरीत भिंतीला टेकवून उभं करायचं, पिशव्या बाथरूमच्या फरशीवर ठेवायच्या आणि अंबाड्यातला आकडा उपसून पलंगाकडे वळायचं.

सावंगीत दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर मी अकरा खोल्यांचं लॉज चालवतो. आमच्याकडे हौसेनं कोणी उतरत नाही. तुम्हीही कधी दवाखान्यापायी परगावी राहिला असाल, तर जाणता. माणूस दमून येतो आणि मिळेल त्या गादीवर आडवा होतो.

मावशी हिंगणघाटकडच्या. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करण्यात, खोल्या-गाद्या झाडण्यात उमर गेलेली. लेक एकोणीस-वीस वर्षांची, तिला रक्ताचा आजार. दर तीन आठवड्यांनी दोघी औषध चढवायला यायच्या. पोरीच्या डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क आणि मधे फक्त मोठे दोन डोळे.

मावशी गादीच्या शिवणीवरून मोबाइलचा उजेड फिरवायच्या, आकड्यानं शिवण उलगडून बघायच्या. काळा ठिपका दिसला की त्यावर ओला कापूस घासायच्या. "काळा राह्यला तं मळ. लाल उतरला तं ढेकूण." मग पलंगाच्या फळ्या, बटणांचा बोर्ड, पडद्याच्या चुण्या. एकदा त्यांनी कॅलेंडर उलटं केलं तेव्हा मी हसून विचारलं, "मावशी, तिथं काऊन राहतील ते?"

"वसतिगृहात घड्याळात राहत होते, भाऊ."

त्या स्वतः हसल्या नाहीत. कॅलेंडरचं पानन्पान त्यांनी उजेडात धरून पाहिलं. ढेकणाला इतकं भिणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, एकेकाचा स्वभाव असतो.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी नऊ नंबरच्या गिऱ्हाइकानं मला मनगटावरचे लाल चट्टे दाखवले होते. मी औषध मारलं, गादी गच्चीवर उन्हात टाकली, सकाळी पुन्हा अंथरली. दुपारी मावशी आल्या तेव्हा बाकी दहाही खोल्या भरलेल्या. मी काही न बोलता नऊची किल्ली दिली.

दिली खरी, पण पाय खाली जाईनात. दारातच उभा राहिलो. मावशींनी चादर काढली. शिवण पाहिली, काही नाही. फळ्या पाहिल्या, काही नाही. माझ्या शर्टाची पाठ ओली झाली होती. बाहेरून पोरीचा आवाज आला, "आई, मले बसू दे ना. पाय कापून राह्यले."

"दोन मिनिटं, माय माही."

मावशींनी पलंग भिंतीपासून ओढला. उशाच्या लाकडाला मागून एक चीर होती. त्यांनी तिच्यात आकडा घातला आणि हलकेच फिरवला. दोन ढेकूण बाहेर आले. एक रक्तानं फुगलेला, त्याला नीट चालताही येत नव्हतं.

मावशी ओरडल्या नाहीत. खाली फरशीवर बसल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमाले माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हणालो.

गॅलरीत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. आम्ही दोघंही धावलो. पोरगी भिंतीवरून घसरत खाली बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. मी तिला उचललं. वजनच नव्हतं तिला. लॉजच्या मागे आम्ही नवरा-बायको राहतो. मी तिला सरळ तिकडे नेलं.

बायको पलंगावरचे कपडे आवरत होती. मावशी धापा टाकत मागून आल्या आणि दारातच म्हणाल्या, "निजवू नोका! पाहू द्या."

"आमच्या घरात?" बायकोचा चेहरा उतरला. घर लख्ख ठेवण्याचा तिला अभिमान. पण माझ्या हातातल्या पोरीकडे तिची नजर गेली आणि तिनं स्वतःच चादर ओढून काढली. मावशींनी मोबाइल काढला. बायकोनं तो घेतला आणि म्हणाली, "उजेड माह्याजवळ द्या. तुमी पाहा." पोरीला मांडीवर घेऊन मी खुर्चीत बसलो होतो. तिचा श्वास मला मानेवर लागत होता, म्हणून ती आहे एवढं कळत होतं. दोघी बायका पलंगाखाली वाकलेल्या. त्या पंधरा मिनिटांत मी जेवढा घाबरलो तेवढा आयुष्यात कधी घाबरलो नाही.

काही सापडलं नाही. पोरीनं साखरपाणी घेतलं आणि झोपली.

मावशी उंबऱ्यावर बसल्या. बायकोनं चहा दिला, तो हातातच निवला. मग त्या बोलल्या. पहिल्या खेपेला त्या दुसऱ्याच एका जागी उतरल्या होत्या. तिथं पोरीची पाठ ढेकणांनी फोडून काढली. तिनं खाजवलं, त्यात पू झाला, ताप चढला. अंगात लढायची ताकद नव्हती. अकरा दिवस दवाखान्यात काचेपलीकडच्या खोलीत होती.

"डॉक्टर म्हणे, उमेद ठेवा. म्हणजे समजलं मले." कप खाली ठेवून म्हणाल्या, "त्या दिवशी मी गादी पाह्यली नाई, भाऊ. बावीस वर्षं दुसऱ्याच्या पोरींच्या गाद्या पाह्यल्या. आपल्या पोरीच्या वक्ताले थकली होती. झोपून गेली."

नऊ नंबरचा पलंग मी त्याच संध्याकाळी अंगणात तोडून जाळला. मावशी त्यानंतर चार वेळा आल्या, आमच्याच घरी उतरल्या. मग येणं थांबलं.

तीन आठवडे गेले, सहा गेले. रजिस्टरात त्यांचा नंबर होता. मी पान उघडायचो आणि मिटायचो. न येण्याचे अर्थ दोनच, आणि त्यातला एक ऐकायची माझी छाती नव्हती. शेवटी बायकोनंच नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला धरला.

घंटा बराच वेळ वाजली. मग एक तरणा, खणखणीत आवाज आला, "हॅलो, कोण?"

मास्कशिवाय तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अवं, कोन होय?" मागून मावशींनी विचारलं.

"मालूम नाई आई. कोणी बोलूनच नाई राह्यलं."