रुमालाखाली आवळलेला हात

“तुमचा हात केव्हाच बरा झालाय. हे दुखणं हाताचं नाही,” मानसोपचाराच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मी खुर्ची मागं सारून उभा राहिलो.

“म्हणजे माझं डोकं फिरलंय, असंच म्हणा की सरळ!”

“बसा. डोकं फिरलेला माणूस एवढं मुद्द्याचं भांडत नाही.”

मी बसलो. बाईंनी कागदावर आजाराचं नाव लिहिलं. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, थोडक्यात पीटीएसडी. जिवावर बेतलेला प्रसंग संपून जातो, पण मेंदूच्या लेखी तो संपत नाही, असा या नावाचा अर्थ. माझ्यासारखे कुणी असतील, विशेषतः ‘आपल्याला कसली आलीय भीती’ म्हणणारे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातून सोळाव्या वर्षी सोलापुरात आलो. हमाली केली, दुसऱ्याची जनावरं बाजारात नेली, मग स्वतःची. आज शुक्रवार पेठेत स्वतःचं घर आहे. यात कुणाचा हात नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नव्हतं. धाकटा भाऊ दत्तू पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका भाव. बाहेर उभ्या गर्दीला काही कळत नाही. दत्तूला मात्र कळायचं. मागं उभं राहून माझ्या खांद्याच्या हालचालीवरून तो आकडा ओळखायचा, आणि मी जास्त चढलो की हळूच खोकायचा. तो खोकला ऐकायला माझे कान आजही मागं असतात.

अपघात वैरागच्या बाजाराहून परतताना झाला. भर दुपार होती. गाडी दत्तू चालवत होता, मागं शेळ्या होत्या. टायर फुटलं, गाडी पलटून कडेच्या खड्ड्यात आडवी पडली. माझा उजवा हात दाराखाली अडकला. डिझेलचा वास सुटला होता. दत्तू फुटलेल्या काचेतून बाहेर निघाला. मी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. त्यानं हिसडा देऊन मनगट सोडवलं आणि शेजारच्या ज्वारीत पळत सुटला. मी “दत्तू! दत्तू!” म्हणून ओरडत राहिलो. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मला परक्या माणसांनी काढलं.

निदान दीड वर्ष मी ही हकीकत अशीच सांगत होतो.

दवाखान्यात तो भेटायला आला तेव्हा हाताला प्लास्टर होतं, पण तोंडाला नव्हतं. सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणालो, “हात सोडून पळणारा भाऊ मला नको.” तो उठला, चपला घालून निघून गेला. पुढं कळलं, कुर्डुवाडीला स्टेशनजवळच्या एका खानावळीत तो कामाला लागलाय.

हाड जुळलं आणि मी पुन्हा बाजारात गेलो. अक्कलकोटकडच्या एका जुन्या व्यापाऱ्याचे बोकड घ्यायचे होते. त्यानं रुमाल टाकला. मला त्याची दोन बोटं धरायची होती. आत त्याचा हात लागला आणि माझ्या नाकात डिझेलचा वास भरला. तिथं डिझेल नव्हतं. छाती धडधडू लागली आणि माझ्या हातानं त्याचा अख्खा पंजा आवळला. सुटेचना.

तो आधी चकित झाला, मग हसला. “अण्णा, पाच? आज लईच खूश दिसताय की!”

आमच्यात रुमालाखाली धरलेलं बोट मागं घेत नाहीत. तो भला माणूस, बाजूला नेऊन म्हणाला, “चुकून झालं असंल तर सोडून द्या.” चूक कबूल करण्यापेक्षा मी त्याच भावानं बोकड घेतले आणि वर त्यालाच चार शब्द सुनावले. पुढच्या दोन बाजारांत पुन्हा तेच झालं. लोक माझ्या रुमालाखाली हात घालायला कचरू लागले. मग मी बाजारात जाणंच सोडलं.

मी हाताचे डॉक्टर गाठले. एक्स-रे निघाला, चांगला आला. मग नर्व्ह कंडक्शन स्टडी, म्हणजे नसांना विजेचे बारीक झटके देऊन त्या निरोप नीट पोचवतात का ते पाहणं. तेही चांगलं. धडधडीसाठी ईसीजी, हृदयाचा आलेख. चांगला. प्रत्येक चांगल्या रिपोर्टला मी जास्त चिडत होतो. माझी बायको रुक्मिणी एका वेटिंग रूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “अवो, रिपोर्ट चांगला आलाय म्हणून भांडणारा मानूस म्यां पयल्यांदाच बगितला.” शेजारची म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. शेवटी हाताच्या डॉक्टरांनीच या बाईंकडे चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी महिनाभर माझ्या खिशात होती. धुण्यात गेली असती, पण रुक्मिणीनं काढून ठेवली.

दुसऱ्या भेटीत बाईंनी मेंदूचं चित्र काढून दाखवलं. खोलवर बदामाच्या आकाराचा भाग असतो, अमिग्डाला. ती धोक्याची घंटा. तिच्याजवळ हिपोकॅम्पस, प्रसंग कधी आणि कुठं घडला हे लक्षात ठेवणारा. कपाळामागं प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, विचार करून घंटा थांबवणारा. मोठ्या धक्क्यात घंटा जोरात वाजते आणि ‘कधी, कुठं’ हे नीट साठवलं जात नाही. म्हणून वास, स्पर्श असं काही जुळलं की मेंदूला वाटतं, ते आत्ताच चाललंय.

“पण एवढी तकलादू घंटा देवानं बसवली कशाला?”

“तकलादू नाही. उत्क्रांतीत टिकलेली आहे,” बाई म्हणाल्या. “गवतात सळसळ झाली की जो प्राणी आधी पळाला आणि ज्यानं विचार मग केला, तो जगला. दहादा उगाच पळाला तरी त्याचं फार बिघडलं नाही. एकदा पळायचा राहिला असता तर वंश संपला असता. आपण त्या पळणाऱ्यांची पिल्लं. पळता येत असेल तर पळणं, अडकलो तर लढणं, आणि काहीच शक्य नसेल तर गोठून जाणं. हे ठरवायला मेंदू आपली परवानगी घेत नाही.”

“बाई, हे मला सांगता? माझी सगळी उमर शेळ्यांत गेली. शेळी आधी उडी मारते, मग बघते.”

“मग पळाली म्हणून तुम्ही शेळीवर राग धरता?”

त्यांचा रोख मला कळला. “शेळीला भाऊ नसतो,” मी म्हणालो.

उपचार दोन होते. एक गोळी, सर्ट्रालिन, घंटेचा आवाज हळूहळू उतरवणारी. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडायची नाही. दुसरा एक्सपोजर थेरपी. म्हणजे ज्याला टाळतो त्याच्यासमोर सुरक्षित जागी, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा बसणं. डोळे मिटून अपघात ‘आत्ता घडतोय’ असा सांगायचा, मोबाइलवर रेकॉर्ड करायचा आणि घरी रोज ऐकायचा.

“आठवड्यातून तीनदा ऐकतो.”

“रोज.”

“पाचदा. शेवटचं बोला.”

“रोज,” बाई म्हणाल्या. घासाघीस हरल्याचा तो माझा पहिलाच प्रसंग असावा.

पहिले काही दिवस घामानं सदरा भिजायचा. असं झालं तर घाबरू नका, सोडूही नका. मात्र हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करा. हळूहळू मोबाइलमधला आवाज अपघाताचा नाही, नुसता माझा वाटू लागला. सहाव्या भेटीत मी सांगत असताना बाईंनी मध्येच अडवलं. “तुम्ही म्हणता, हाक मारली. त्या क्षणी तोंडाला काय वाटतंय?”

मी पाहिलं. जीभ टाळूला चिकटली होती. जबडा घट्ट. शेळ्यांचा कालवा ऐकू येत होता, पत्र्याची करकर येत होती, माझा आवाज कुठंच नव्हता. मी डोळे उघडले.

“बाई, मी हाक मारली का नाही?”

“ते मला कसं माहीत असणार? आठवणही चुकू शकते. तिथं दुसरा माणूस होता. त्याला विचारा.”

मी कुर्डुवाडीची गाडी पकडली. खानावळीत दत्तू टेबल पुसत होता. दाढीत पांढरे केस आले होते. मला बघून त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, “जेवलास का?”

मी जेवायला आलो नव्हतो, पण जेवलो. त्यानं शेंगाचटणी न विचारता वाढली, कांदा मुठीनं फोडून दिला. मग मी विचारलं.

“न्हाय, दादा,” तो म्हणाला. “तू हाक मारलीच न्हाईस. डोळं उगडं हुतं तुजं, पर हलत न्हवतास. माज्या मनगटावर हात मातर असा आवळलेला की सुटंना. मला वाटलं, तू गेलास.”

“मग पळालास कशाला?”

“मी कुटं पळालो? पाय पळालं. ज्वारीत थांबलो तवा कळलं, मी हितं हाय. मागारी आलो तर लोकं तुला काडत हुती.”

“हे तवाच का न्हाय बोललास?”

“तू बोलू दिलंस?”

दीड वर्ष मी ज्या हाकेवरून भावाला गुन्हेगार ठरवलं, ती हाक मारलीच गेली नव्हती. त्याचे पाय पळाले, माझं सगळं अंग गोठलं. दोघांचंही ठरवणारा तोच जुना मेंदू. “चटनी तिकट हाय,” एवढंच म्हणालो. तो म्हणाला, “व्हय, लई तिकट हाय,” आणि आत जाऊन पाणी घेऊन आला.

निघताना कळलं, तोही माझ्यासारखा टाळतो, रस्त्यावरच्या कुठल्याच गाडीत बसत नाही. अपघातानंतर एकदाही बसलेला नाही. रेल्वे तेवढी चालते, म्हणून स्टेशनजवळच राहतो. मी बाईंचं नाव सांगितलं. “बगू,” म्हणाला.

तीन आठवड्यांनी आला. सोलापूर स्टेशनाबाहेर रिक्षावाले “कुटं जायचं, मालक?” करत आडवे आले. दत्तूचा चेहरा उतरला. मी म्हणालो, “चालत जाऊ.” ऊन होतं. त्याला आत बोलावलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि रुक्मिणी माझ्यासाठी किती वेळ अशी बसली असेल, ते पहिल्यांदा मनात आलं.

माझा हात आता बराच ऐकतो. कधी रुमालाखाली तो वास येतो; मी मनात आजची तारीख म्हणतो, उभा असेन त्या गावाचं नाव म्हणतो, आणि बोटं सैल होतात. डॉक्टरबाईंचे उपकार आहेत. तुमच्या घरात कुणी असं चिडत असेल, बाजार टाळत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. आणि अपघाताच्या वेळी जवळ असलेल्या माणसाचंही दुखणं विचारा.

बाजारात परत ये, असं मी दत्तूला अजून म्हटलेलं नाही. सौदा करताना मागं खोकला ऐकू येत नाही तेव्हा फार म्हणावंसं वाटतं. पण बाई म्हणाल्या, त्याला त्याच्या गतीनं येऊ द्या. सध्या तो दर मंगळवारी उपचाराला येतो. कुर्डुवाडीची गाडी बऱ्याचदा उशिरा येते. तरी मी अर्धा तास आधीच फलाटावर जाऊन उभा राहतो.