गाव कोणतं तुमचं?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय चक्क टाळते, जसं काही त्याला माहीतच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. अनोळखी माणसापुढे मन मोकळं करायची खोड मला जुनीच आहे, आणि त्या खोडीपायी काय झालं तेच सांगायचंय.

माझी मुलगी ऋतुजा. घरात आम्ही तिला ठमी म्हणतो. तेव्हा नववीत होती. बडबडी अशी, की शाळेतून आल्यावर दप्तर खाली टेकायच्या आधी तोंड सुरू व्हायचं. आणि रांगोळी? दिवाळीला पंचवटीतल्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे लोक मुद्दाम जिना चढून बघायला यायचे. मैत्रिणींनी तिच्या डोक्यात भरवलं, फोनवर लाइव्ह कर म्हणून. त्या ॲपवर तिचं वय बसत नव्हतं, म्हणून जन्मसाल माझं टाकलं. ती युक्ती माझीच. इथूनच सुरुवात आहे, पण मला सांगायचंय ते हे नाही.

पोर माझ्यापेक्षा शहाणी होती. चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात आणि काळा पाट. खरं नाव नाही, शाळा नाही, क्लास नाही. रांगोळी काढता काढता ती अखंड बोलायची, पण कुणी विचारलं की तू कुठली, तर हसून म्हणायची, "ते सोडून काहीही विचारा." वेडंवाकडं लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे ब्लॉक करायची. मला गंमत वाटायची. एवढं काय लपवायचं, चोरी केलीय का आपण? असं मी तिला बोलूनही दाखवायची. माझं माहेर लासलगावकडचं. आमच्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न — गाव कोणतं तुमचं? मग आडनाव, मग कोणाचे कोण, आणि चहा उकळेपर्यंत कुठून ना कुठून नातं निघतंच. गाव न सांगणारा माणूस आमच्या लेखी शिष्ट.

तर — मीही एक खातं उघडलं होतं. नाव दिलं जास्वंद, फोटोही जास्वंदीचा. ठमी आतल्या खोलीत लाइव्ह असायची आणि मी स्वयंपाकघरात मेथी निवडत तिला बघायची. लोक तिचं कौतुक करायचे, त्याला मी बदाम पाठवायची. ठमीला हे माहीत नव्हतं. आई बघते म्हटल्यावर ती लाजली असती, म्हणून सांगितलं नाही. निदान मी स्वतःला तसं सांगायची.

एकदा कुणीतरी विचारलं, ही मुलगी कुठली? ठमीने नेहमीसारखं उडवून लावलं. आणि ती पाटावर वाकलेली बघून मी खाली लिहिलं — नाशिकचीच आहे, माझी लेक. का लिहिलं? अभिमान, दुसरं काय. त्याच संध्याकाळी मला एकटीला एक मेसेज आला. ताई, नाशिकच्या का? मी लासलगावचा. माहेर कोणतं तुमचं?

किती साधा प्रश्न आहे बघा. आणि मला किती दिवसांनी कुणी विचारला होता. मी माहेरचं गाव सांगितलं. तो म्हणाला, माझी मावशी तिथेच दिलेली. म्हणजे भाऊच लागतो तुमचा. मला सख्खा भाऊ नाही. चुलतभाऊ जमिनीच्या वाटणीपासून बोलत नाहीत, भाऊबीजेला दाराकडे बघत बसणं मी कधीच सोडून दिलं होतं. ही सबब म्हणून सांगत नाही. तेव्हा मी अशी होते, एवढंच. त्याने भाऊबीजेला लिहिलं, ताई, ओवाळणी राहिली माझी. मी रडले हो त्या मेसेजवर. वेड्यासारखी रडले.

मग काय काय बोलले मी त्याच्याशी? सगळंच. आमचे हे स्पेअर पार्ट्सच्या दुकानात असतात. लेकीला घरात ठमी म्हणतो, हा बघा तिचा फोटो. तिचा क्लास द्वारका चौकाजवळ आहे. रोज बाबा आणतात, पण बुधवारी ते दुकानाचा माल आणायला जातात, मग ती रिक्षाने येते. त्याने विचारलं म्हणून सांगितलं असंही नाही. काही तर त्याने विचारायच्या आधीच सांगितलं. भाचीला रांगोळीचे रंग घेऊन द्यायचेत, म्हणाला. मी म्हटलं, या की कधीही, तुमचंच घर आहे.

तो घरी आला नाही. एका बुधवारी क्लासच्या दारात उभा राहिला. "ठमे, मी मामा. आईनं पाठवलंय. रिक्षा कशाला, बस." आजोळचं गाव सांगितलं, वडिलांचं दुकान सांगितलं. अनोळखी माणसाच्या गाडीवर बसायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण घरातलं नाव माहीत असलेला माणूस अनोळखी कसा असेल? ती बसली.

द्वारकेला घराकडे वळायच्या ऐवजी गाडी नाशिकरोडच्या दिशेला लागली. तिने विचारलं, कुठे चाललोय. पुन्हा विचारलं, त्याने वेग वाढवला. पुढे एक ट्रक आडवा आला आणि गाडी अडकली. त्या चौकातल्या गर्दीला आम्ही उठता बसता शिव्या देतो — त्या गर्दीनेच माझी मुलगी वाचवली. तिने उडी मारली. मनगट मोडलं, कोपर सोलून निघालं, पण ती उठली आणि समोरच्या मेडिकलमध्ये घुसली. तिथल्या बाईंनी तिला काउंटरच्या आत घेतलं आणि ह्यांना फोन लावला. तो गर्दीतून निघून गेला.

आता ऐका. मला जे सांगायचंय ते आता येतं.

दवाखान्यातून घरी आल्यावर ह्यांनी एकच प्रश्न विचारला. त्याला एवढं सगळं कुणी सांगितलं? मी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. दार लोटलं. फोन काढला आणि त्या माणसाचे सगळे मेसेज पुसले. मग खातंच काढून टाकलं. हात एकदाही चुकला नाही. नंतर पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि ठमी आत पडलेली असताना ह्यांना हळूच म्हणाले, "त्या लाइव्हवर दिवसभर बडबडते ती. बोलता बोलता गेलं असेल तोंडून."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पोलिसांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याचा नंबर, फोटो, मेसेज, काही आहे का? माझ्याकडे सगळं होतं. आदल्या दिवसापर्यंत होतं. मी नाही म्हटलं. तो माणूस सापडला नाही. सापडला असता का? माहीत नाही. पण तो आजही कुठल्यातरी बाईला ताई म्हणून गाव विचारत असेल, हे माझ्या मनातून जात नाही. टीव्हीवर कुठल्याही मुलीची बातमी लागली की मी उठून आत जाते.

ठमीचा फोन काढून घेतला. लाइव्ह बंद, रांगोळी बंद, क्लाससुद्धा बदलला. आजी बोलली, काका बोलले, बापाने तर महिनाभर तिच्याकडे नीट बघितलं नाही. सुरुवातीला ती सांगायची — मी नाही सांगितलं, शप्पथ नाही सांगितलं. कुणी ऐकलं नाही. हळूहळू सांगायची थांबली. हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून सकाळी वेणी मी घालायची. अशीच एकदा पाठमोरी बसलेली असताना म्हणाली, "आई, मला आठवत नाही गं. पण मीच बोलले असणार. चुकलं माझं." तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? कंगवा माझ्या हातात होता. तिचे केस माझ्या मुठीत होते. आणि मी म्हटलं, "जाऊ दे बाळा, झालं ते झालं." माझ्या चुकीची माफी तिने मागितली, आणि मी ती देऊन टाकली.

आता ती पुण्याला नोकरी करते. चांगलं चाललंय. पण ती बडबडी पोर गेली ती गेलीच. फोनवर दोन वाक्यं बोलली की थांबते. चारचौघांत बसली की ऐकते फक्त. तिचे बाबा कौतुकाने म्हणतात, लेक किती समंजस झाली. मला ते ऐकवत नाही.

गेल्या दिवाळीत दिरांची मुलगी, सातवीतली, नाचाचं लाइव्ह करायचं म्हणत होती. ठमीने तिला जेवताना शेजारी बसवलं आणि शांतपणे सगळं समजावलं. खातं मोठ्यांना दाखवून ठेव. घरातलं नाव, क्लासची वेळ बाहेर जाऊ देऊ नकोस. कुणी कितीही जवळचा वाटला, तरी आधी घरी विचार. मग स्वतःचं सांगितलं — "मी मूर्ख होते. बोलण्याच्या नादात सगळं सांगून बसले होते." मी पोळ्या वाढत होते. त्या छोटीने विचारलं, "मग खूप मार बसला?" ठमी हसली. "सगळे ओरडले. एकटी आई कधी एका शब्दानं बोलली नाही मला."

आणि तिने वर माझ्याकडे बघितलं, मायेने.

मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.